एकसष्ट उंबरे

दारावर टकटक केली की प्रल्हाद शेलार दोन पावलं मागे सरून उभा राहायचा. हातातला क्लिपबोर्ड मांडीपाशी खाली धरायचा. दार उघडणाऱ्या माणसाला आधी चेहरा दिसावा, कागद नंतर, एवढंच त्यामागचं शहाणपण. तरी पुष्कळ दारं अर्धीच उघडायची. जाळीच्या पलीकडून कुणीतरी विचारायचं, "रस्तावाले का?"

"हो," प्रल्हाद म्हणायचा. दुसरं काय म्हणणार?

हे १९८५च्या उन्हाळ्यातलं. प्रल्हाद तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. राहायला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीमध्ये, आणि नोकरीला तिथून अर्ध्या तासावरच्या वेलबर्न नावाच्या गावात. कंपनी हॅलोवेल अँड पाइक, राज्याच्या हायवेंची कामं कंत्राटावर करणारी. वेलबर्नमधून नवा चौपदरी रस्ता जायचा होता आणि त्याच्या आड येणाऱ्या घरांची मोजणी प्रल्हादकडे आली होती. घराची लांबी-रुंदी, खोल्या, अंगणातली झाडं, राहणारी माणसं. एका घराला एक फॉर्म.

गावातून रेल्वेचे रूळ गेले होते. रुळांच्या वरच्या अंगाला गोऱ्यांची वस्ती, खालच्या अंगाला काळ्यांची. कायद्यानं ही वाटणी वीस वर्षांपूर्वी संपली होती, पण तेवढ्यानं कुणी रूळ ओलांडून पलीकडे राहायला गेलं नव्हतं. खालच्या वस्तीला सॉयर्स बॉटम म्हणत. ओढ्याकाठची सखल जागा. पाऊस झाला की गावभरचं पाणी तिथे येऊन साचायचं. आखलेला रस्ताही बरोबर तिथूनच जात होता.

प्रल्हादच्या आधी कंपनीनं दोन गोऱ्या पोरांना पाठवून पाहिलं होतं. एकाच्या अंगावर बादलीभर पाणी पडलं, दुसऱ्याला कुणी दारच उघडलं नाही. मग प्रोजेक्ट मॅनेजर डॅन कीलरनं प्रल्हादला केबिनमध्ये बोलावून घेतलं. डॅन तसा बरा माणूस. दिवाळीला न चुकता 'हॅपी दिवाली' म्हणणारा.

"हे काम तूच करू शकतोस," तो म्हणाला. "तू गोराही नाहीस आणि काळाही नाहीस. तुला आत घेतील."

त्यानं ते कौतुकानंच म्हटलं होतं. प्रल्हाद हसला. पंधरा वर्षांपूर्वी, रॅलेला एम.एस. करताना, फोनवर रिकामी असलेली खोली त्याचा चेहरा दिसताच भरलेली निघायची. अशा पाच खोल्या झाल्यावर तो एका तळघरात राहिला होता. तोच चेहरा आता कंपनीच्या कामाला येत होता.

मिस ओडेसा पर्व्हिस यांचं घर फेनर स्ट्रीटवरचं सातवं. तिकडे वयस्कर बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं 'मिस'च म्हणत. वय सत्तरीच्या आसपास. एकतीस वर्षं तंबाखूच्या कारखान्यात पानांचे देठ काढून बोटं वाकडी झालेली. पोर्चवर खुर्ची टाकून त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी प्रल्हादला पायरीवर बसवलं, आईस टी दिला आणि मग विचारलं, "या वेळी काय काढताय?"

"या वेळी म्हणजे?"

"बासष्ट साली आम्ही स्टेशनजवळ राहायचो. गाव सुधारायचंय म्हणून घर पाडलं. नवी घरं बांधणार होते. तिथे आता पार्किंग लॉट आहे, बघितलाय ना?"

प्रल्हादनं बघितला होता. तो रोज तिथेच गाडी लावत असे.

"त्या घराचा दरवाजा माझ्या नवऱ्यानं काढून आणला," ओडेसाबाई म्हणाल्या. "दोघा माणसांनी उचलून, रूळ ओलांडून. या चौकटीत बसेना, म्हणून वरून चार बोटं कापला. हा माझ्या मागे दिसतोय तो तोच."

प्रल्हादनं टेप काढली आणि घराभोवती फिरून मापं घेतली. मागच्या बाजूला आणखी एक दार होतं. तिथे लॉनी नावाचे निवृत्त हमाल राहत होते. त्यांचा स्टोव्ह वेगळा, बाजारहाट वेगळा, पत्रांची पेटीसुद्धा वेगळी. वरच्या खोलीत एक बाई आणि तिच्या दोन मुली, त्यांचाही स्वयंपाक वेगळा. फॉर्ममध्ये कुटुंबासाठी एकच ओळ होती. प्रल्हाद थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं त्या ओळीखाली हातानं आणखी दोन ओळी आखल्या.

"तुमच्या देशात रस्त्यासाठी घरं पाडतात?" निघताना ओडेसाबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे धरणं बांधतात."

"मग माणसं कुठे जातात?"

"दुसरीकडे जमीन देतात."

"सगळ्यांना?"

प्रल्हाद टेप गुंडाळत राहिला. टेपचं हँडल अडकलं होतं, किंवा अडकलंय असं त्यानं दाखवलं.

सप्टेंबरपर्यंत मोजणी संपली. घरं अडतीस, कुटुंबं एकसष्ट. प्रल्हादच्या मनात तो आकडा मराठीतच होता. चूल वेगळी तर उंबरा वेगळा. अडतीस घरांत एकसष्ट उंबरे.

ऑक्टोबरपासून दर शुक्रवारी बॉटमची माणसं कंपनीच्या दारासमोर उभी राहू लागली. जेवणाच्या सुट्टीत, साडेबारा ते दीड. घोषणा फारशा नव्हत्या. बॉटमच्या चर्चचे पाद्री एखादं भजन सुरू करायचे, चार-पाच ओळी व्हायच्या, मग सगळे गप्प. हातात पुठ्ठ्यांचे फलक. बहुतेक म्हातारी माणसं, कारण तरुण त्या वेळी कामावर असत. ऑफिसातले लोक मागच्या दारानं ये-जा करू लागले. प्रल्हादही दोन शुक्रवार मागून गेला. तिसऱ्या शुक्रवारी मागचं दार दुरुस्तीला काढलं होतं.

"गुड आफ्टरनून, मिस्टर शेलर," ओडेसाबाई म्हणाल्या. त्यांच्या एका हातात फलक होता, दुसऱ्या हातात काठी.

"गुड आफ्टरनून, मिस ओडेसा."

त्यानंतर त्या दर शुक्रवारी त्याला नाव घेऊन नमस्कार करायच्या. आवाजात राग नाही, टोमणा नाही. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या, असं प्रल्हादला वाटायचं. तो डबा घेऊन टेबलाशी बसे आणि खिडकीकडे पाठ करून पोळी-भाजी खाई. नोव्हेंबरात थंडी वाढली, तशी माणसं अकरा-बारावर आली. फलक पावसानं फुगले. लॉनी आजारी पडले म्हणून दिसेनासे झाले. पण साडेबाराला कुणी ना कुणी असायचंच.

घरी त्यानं यातलं फारसं काही सांगितलं नव्हतं. त्याची बायको नीला एका औषधकंपनीच्या लॅबमध्ये होती, तिचं स्वतःचं दमणं तिला पुरे होतं. एकदा संध्याकाळी तिघं जेवायला बसली असताना टीव्हीवर दक्षिण आफ्रिकेची बातमी लागली. काळ्यांची वस्ती हलवत होते. बुलडोझर पत्र्याच्या घरांवरून जात होता, आणि एक बाई गादी डोक्यावर घेऊन रस्त्यानं चालली होती.

"काय माणसं आहेत ही," नीला म्हणाली. "जिवंत माणसांच्या घरांवरून!"

त्यांची मुलगी दीपा सोळा वर्षांची होती. शाळेत त्यांनी याच विषयावर सह्या गोळा केल्या होत्या. ती म्हणाली, "बाबा, यू नो व्हॉट दे कॉल इट? रिलोकेशन. लाइक इट्स अ फेवर."

प्रल्हादनं आमटी वाढून घेतली. चपलांच्या कपाटाशेजारी बॉटमच्या नकाशांची गुंडाळी भिंतीला टेकून उभी होती. त्यावर मोठ्या अक्षरात तोच शब्द छापलेला होता.

"बाबा? यू ओके?"

"दमलोय गं," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

फेब्रुवारीत अहवाल छापून आला. प्रल्हादनं जेवणाच्या सुट्टीत तो चाळला आणि सतराव्या पानावर थांबला. 'विस्थापित होणारी कुटुंबं : अडतीस.' त्यानं पान पुन्हा वाचलं. मग अहवाल घेऊन डॅनकडे गेला.

"डॅन, माझ्या फॉर्ममध्ये एकसष्ट होती."

"घरं अडतीसच आहेत ना?"

"घरं अडतीस. कुटुंबं एकसष्ट."

डॅननं चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघ, ते पोटभाडेकरू आहेत. करार नाही, कागद नाही. त्यांना कुटुंब धरलं तर प्रत्येकासाठी दुसरं घर शोधून द्यावं लागेल. ते सापडणार नाही. मग रस्ता पलीकडून, हंटर्स रिजच्या बंगल्यांच्या कडेनं न्यावा लागेल, आणि ते होणार नाही हे तुलाही माहीत आहे."

"त्यांचे स्टोव्ह वेगळे आहेत, डॅन."

"काय?"

"काही नाही," प्रल्हाद म्हणाला आणि परत जागेवर येऊन बसला.

त्या दिवशी त्याला आई आठवली. आठवली म्हणजे काय, ती कुठे गेलीच नव्हती. प्रल्हादचं गाव कोयनेच्या खोऱ्यात होतं. वडील लहानपणीच गेले. आई धाकट्या दिराच्या घरात पडवीच्या एका टोकाला वेगळी चूल मांडून राहायची. धरणाची मोजणी झाली तेव्हा घर दिराच्या नावावर, म्हणून उंबरा एकच लिहिला गेला. दिराला सोलापूरकडे जमीन मिळाली. आईचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. ती काही दिवस दिराकडे राहिली, मग कऱ्हाडला भावाच्या मागच्या खोलीत. तिथेच तिनं पुढची सतरा वर्षं काढली, दुसऱ्याच्या घरात आवाज न करता भांडी कशी घासायची हे शिकून. प्रल्हाद तेव्हा साताऱ्याला बोर्डिंगमध्ये शिकत होता. पाणी चढताना त्यानं पाहिलं नाही, आणि मोजणीला आलेला माणूस कोण होता, हेही त्यानं आईला कधी विचारलं नाही. आई गेली एकोणऐंशी साली. आता मात्र त्याला त्या माणसाचं तोंड बघायची फार इच्छा झाली. त्यानं आईला पडवीत भाकरी करताना पाहिलं असणार. पाहूनही लिहिलं नसणार. त्याच्याही फॉर्ममध्ये एकच ओळ असणार.

नीलाला त्यानं त्या रात्री सगळं सांगितलं.

"तुम्ही काही बोललात तर नोकरी जाईल?" तिनं विचारलं.

"जाईल असं नाही. पण राहील तीही धड राहणार नाही."

"दीपाचं कॉलेज आहे दोन वर्षांनी."

"माहीत आहे."

"मी एवढंच म्हणतेय की माहीत असू द्या," नीला म्हणाली. "नको असं म्हणत नाहीये मी."

शैलेंद्र सबनीसला सांगितलं, ती मात्र चूकच झाली. शैलेंद्र म्हणजे प्रल्हादचा इथला सगळ्यात जुना मित्र. दोघांनी मिळून रॅलेचा गणपती सुरू केला होता. त्यानं वर्षभरापूर्वीच हंटर्स रिजमध्ये घर घेतलं होतं, मागच्या डेकवरून झाडं दिसणारं.

"यार प्रल्हाद, तू माझ्या बॅकयार्डमधून हायवे नेणार?" तो आधी हसत म्हणाला. मग प्रल्हाद हसत नाही हे बघून त्याचा चेहरा बदलला. "आपल्याला काय करायचंय रे? आपण इथे कष्ट करून वर आलो. कुणी आपल्यासाठी उभं राहिलं होतं का? ते लोक आणि हे लोक, त्यांचं त्यांना बघू दे."

"घर विकताना रंग बघायचा नाही, या कायद्यासाठी हेच काळे लोक उभे राहिले होते, शैलेंद्र. त्या रिजमध्ये तुला घर विकायला नाही म्हणता येत नाही, ते कुणामुळे?"

शैलेंद्रनं कॉफीचा कप खाली ठेवला. "स्पीच द्यायचं तर गणपतीत दे," तो म्हणाला आणि विषय बदलला. पण काही केल्या तो बदलला गेला नाही.

रस्त्याबद्दलची जाहीर सुनावणी मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी शाळेच्या हॉलमध्ये होती, संध्याकाळी सहाला. प्रल्हादला स्लाइड्स बदलण्याचं काम दिलेलं होतं. कुणी कुठे बसायचं याची सक्ती नव्हती, तरी गोरे डावीकडे बसले आणि काळे उजवीकडे. मधली वाट रुळासारखी रिकामी राहिली. हंटर्स रिजची मंडळी आली होती. शैलेंद्र त्यांच्यात चौथ्या रांगेत होता, टाय लावून.

डॅननं चांगलं भाषण केलं. वाहतूक, अपघात, नवे रोजगार. प्रल्हाद स्लाइड्स सरकवत होता. प्रत्येक 'खट्' आवाजाबरोबर बॉटमचा एखादा कोपरा पडद्यावर येई आणि जाई. मग पाद्र्यांनी उठून विचारलं, "किती कुटुंबं जाणार?"

"अडतीस," डॅन म्हणाला.

उजवीकडे कुजबुज झाली. ओडेसाबाई काठीवर जोर देऊन उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला आणि तेवढा वेळ हॉल थांबला.

"माझ्याच घरात तीन आहेत," त्या म्हणाल्या. "तो माणूस माझ्याकडे येऊन लिहून घेऊन गेलाय." त्यांनी काठीनं प्रोजेक्टरकडे दाखवलं. "त्याला विचारा."

सगळ्या माना वळल्या. डॅन म्हणाला, "मिस्टर शेलार तांत्रिक मदतनीस आहेत, त्यांनी उत्तर देण्याची..."

"एकसष्ट," प्रल्हाद म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही!"

त्यानं घसा साफ केला. हात प्रोजेक्टरवरच होता आणि तो तापला होता, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही. "एकसष्ट कुटुंबं. अडतीस घरांमध्ये. मी मोजली. ज्यांचं दार वेगळं, स्टोव्ह वेगळा, ते कुटुंब वेगळं. मी तसंच लिहून दिलं होतं."

आणखी बोलावं असं त्याला वाटलं होतं. पडवीबद्दल, कऱ्हाडच्या मागच्या खोलीबद्दल. घरून निघताना इंग्रजी वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण त्यातलं एकही आठवेना. तो खाली बसला. उजवीकडे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई नुसती "एकसष्ट, एकसष्ट" म्हणत आपल्या वहीत लिहीत होती. शैलेंद्र उठून बाहेर गेला.

गाडीत बसल्यावर प्रल्हादला आपला तळहात भाजल्याचं कळलं.

डॅन चिडला नाही, हे सगळ्यात वाईट. दुसऱ्या दिवशी त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं," प्रल्हाद म्हणाला.

महिनाअखेर त्याची बदली मोऱ्यांच्या तपासणीवर झाली. दूरदूरच्या काउंट्यांमध्ये एकट्यानं गाडी हाकत जायचं, रस्त्याखालच्या नळांत वाकून बघायचं, गाळ किती, तडा किती ते लिहायचं. ज्या पदावर त्याचा नंबर लागायचा होता तिथे त्याच्याहून सहा वर्षांनी लहान माणूस बसला. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला तो गेला तेव्हा शैलेंद्रनं तबक त्याच्या शेजारच्या माणसाच्या हातात दिलं. नीलानं ते पाहिलं. घरी येताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी घरीच बसवू."

दीपानं मात्र शाळेत त्यावर निबंध लिहिला. प्रल्हादनं तो वाचला. त्यातला माणूस फारच ताठ उभा होता, न थांबता बोलत होता. त्यानं तिला दुरुस्त केलं नाही.

राज्यानं पुन्हा मोजणी करायला लावली. या वेळी दुसरी कंपनी आली. सत्तावन्न कुटुंबं भरली. तीन तोपर्यंत कंटाळून निघून गेली होती. लॉनी हॉस्पिटलमधून परत आलेच नाहीत, त्यामुळे त्यांची ओळ खोडली गेली. शुक्रवारचं उभं राहणं आणखी एक वर्ष चाललं. रस्ता हलला नाही. पण सत्तावन्न कुटुंबांना कुठे ना कुठे दुसरं घर शोधून द्यावं लागलं, आणि तोवर काम अडून राहिलं. अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात बुलडोझर आले. फेनर स्ट्रीट चार दिवसांत सपाट झाला. चर्च तेवढं वाचलं. पण ते रस्त्याच्या भलत्याच बाजूला राहिलं, आणि चालत यायला माणसंच उरली नाहीत.

ओडेसाबाईंना गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट मिळालं. प्रल्हाद त्यांना भेटायला गेला तेव्हा नोव्हेंबर होता. मोऱ्या तपासून परत येताना तो वाट वाकडी करून गेला होता. बुटांना चिखल होता म्हणून त्यानं ते बाहेर काढले. मोज्यांवर आलेल्या माणसाकडे बघून ओडेसाबाईंना नवल वाटलं.

घर गरम होतं, स्वच्छ होतं. पोर्च नव्हता. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसत होती.

"कोण कुठे गेलं, कळतं का?" त्यानं विचारलं.

"काही डरहॅमला. वरच्या बाईला इथेच मिळालं, पण बसनं तास लागतो. माझ्या पुतणीचा फोन येतो. कुणी मेलं तर कळतं. जगतायत ते कळत नाही."

प्रल्हाद म्हणाला, "मला अजून काहीतरी करायला हवं होतं."

"काय करणार होतात?" त्यांनी खरंच विचारलं, जणू उत्तर असेल तर ऐकायचं होतं. प्रल्हादनं ओल्या मोज्यांतले पाय हीटरकडे सरकवले.

"तुम्ही मोजलंत," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "बासष्ट साली कुणी मोजलंसुद्धा नव्हतं. तेव्हा मला कुणी जागा दिली नाही, आता दिली. घर मात्र तेव्हाही पडलं, आताही पडलं." त्यांनी वाकडी बोटं मांडीवर पसरली. "मी तुमच्यावर रागावलेली नाही, मिस्टर शेलर. मला आता रागवायला उठवत नाही."

मग प्रल्हादनं त्यांना आईबद्दल सांगितलं. या देशात आल्यापासून घराबाहेर कुणाला तो ते पहिल्यांदा सांगत होता. पडवी, वेगळी चूल, दिराचं नाव. इंग्रजीत सांगताना ते फार लहान झालं, चार-पाच वाक्यांतच संपलं.

"आईचं नाव काय?" ओडेसाबाईंनी विचारलं.

"अनुसया."

त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिलं, दोन्ही वेळा चुकीचं, पण अगदी काळजीनं. मग टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. कसलासा पाककृतींचा कार्यक्रम चालू होता. दहा मिनिटांत त्यांची मान खाली झुकली.

न सांगता निघणं बरं दिसेना. प्रल्हादनं ठरवलं, त्या जाग्या होईपर्यंत बसावं. सकाळी पाचपासून तो गाडी चालवत होता. हीटरची ऊब पायांवर येत होती, आणि मोजे हळूहळू वाळत होते. थोड्या वेळानं त्याचेही डोळे मिटले.